धुळ्याची नव्हतीस तू

अक्का, तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि आपल्या ओट्यावर तासभर चर्चा रंगली, धुळ्याला धुळे का म्हणतात याची. आत हार घातलेला तुझा फोटो, फोटोपुढे समई, आणि बाहेर सतरंजीवर दारावर बसायला आलेली मंडळी. दुखवट्याला येऊन माणसं किती वेळ गप्प बसतील? दहा मिनिटं सुस्कारे टाकून झाले, चहाचे कप रिकामे झाले, आणि नानांनी विषय काढला.

नाना म्हणजे आपल्या भाऊबंदांत सगळ्यांत वडील. लग्न असो की मयत, सूत्रं त्यांच्याच हातात. ते म्हणाले, "धुयावाली गयी, घरनी लक्ष्मी गयी." झालं. तेवढ्यावरून सुरतेचे पाहुणे म्हणाले, आमच्याकडे सगळे धुलियाच म्हणतात, गुजराती काय आणि हिंदीवाले काय. एक निवृत्त क्लार्क होते, त्यांनी सांगितलं की इंग्रजांच्या कागदांत धुलिया होतं, तेच पुढे चालू राहिलं. कोणी म्हणालं, धूळ फार म्हणून धुळे, दुसरं काय. नाना हट्टाला पेटले, "आपलं धुये हेच मूळ. बाकी बठ्ठा मागून उना." बाकी सगळं मागून आलं. मग हिंदीवाल्यांना ळ म्हणता येत नाही म्हणून हसणं झालं, आणि आपल्याला तरी कुठे येतो, आपण त्याचा य करतो, म्हणून आणखी मोठं हसणं झालं. तुझ्या फोटोपासून चार हातांवर, अक्का. हसले.

आमच्या ह्यांना मध्येच माझा अभिमान आठवला. "हिला विचारा, इतकी वर्षं शाळेत शिकवलंय तिनं." सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी म्हटलं, "मला धुळ्याचं काही माहीत नाही. आत जिचा फोटो आहे ती नरडाण्याची होती."

नाना म्हणाले, "ते असू दे. पण धुयेच मूळ."

डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. माझं नाही, त्यांचं.

तुला आठवतं, हे सगळं कसं सुरू झालं? तू पारोळ्याला या घरात आलीस तेव्हा सासूबाईंपुढे अडचण उभी राहिली. आपल्याकडे सुनेला तिच्या माहेरगावानं हाक मारायची, ही रीत. नावानं हाक मारणं म्हणजे जणू काही निर्लज्जपणा. पण नरडाणावाली घरात आधीच एक होती, चुलत सासूबाई. एका हाकेला दोघी उठल्या तर काय करायचं? तुझं लग्न लागलं होतं धुळ्याला, तुझ्या चुलत मामाच्या अंगणात, कारण मांडवाला तिथं जागा होती. सासूबाईंनी ठरवून टाकलं, ही धुयावाली. शिवाय गल्लीत मिरवायला बरं, धुळ्याची सून केली म्हणून. तू पहिल्याच दिवशी डोक्यावरचा पदर न सावरता म्हणालीस, "मी नरडाणानी शे." सासूबाई म्हणाल्या, "राहीशीन. पन आते धुयावाली."

पुढे त्या चुलत सासूबाई वारल्या. नाव मोकळं झालं. तू मला म्हणालीस, आता तरी देतील का गं परत? मी हसले. तू हसली नाहीस.

मी तुझी धाकटी जाऊ, तुझ्यानंतर चार वर्षांनी आले. मी नशिराबादची. सासूबाईंना ते नाव तोंडात लांब पडलं असावं. त्यांनी पलीकडचं जळगाव उचललं आणि मी झाले जयगाववाली. खरं सांगते, मला राग आला नव्हता. नशिराबादच्या माणसाला कुठं लांब विचारलं तर तोही जळगावच सांगतो. मला वाटलं, बढती झाली. मग आपल्या दोघींवरून घरात दोन शहरांची कुस्ती लागायची. भाजी करपली की सासूबाई म्हणायच्या, धुयावालीनी धूय टाकी. माझ्या हातून दूध उतू गेलं की, जयगाववालीनी जायं, म्हणजे जाळलं. पोरंसोरंही शिकली. आणि आपण दोघी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या थापून पापडांसारख्या वाळत घालताना तेच भांडण पुढे न्यायचो, मजेत. मी म्हणायचे, जळ म्हणजे पाणी, आमचं गाव पाण्याचं. तू म्हणायचीस, पाण्याचं? वैशाखात अनवाणी जाऊन बघ तिथं, नाव कशावरून पडलं ते पायाला कळेल.

लोकांसमोर मी तुला अहो-जाहो करायचे. गच्चीवर अगं-तुगं. तिथंच एकदा तू हातातली बिबडी तशीच धरून म्हणालीस, "तुला खरंच काही वाटत नाही? कोणी विचारलं तू कुठली, तर तू जळगाव सांगतेस?"

मी म्हटलं, "सांगते की. कोणी काही म्हणालं म्हणून आपल्या अंगाला काय भोकं पडतात?"

"पडतात," तू म्हणालीस. "तू बघत नाहीस."

आणि हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. दर उन्हाळ्यात कधी ना कधी निघायचं. तू म्हणायचीस, मी धुळ्यात एक रात्र काढलेली नाही, फक्त सात फेरे काढले. मी म्हणायचे, मग त्यात रडण्यासारखं काय, मोठ्या गावाचं नाव मिळालं. तू मला म्हणायचीस, तू मास्तरीण आहेस पण तुला अक्कल नाही. मी म्हणायचे, असू दे.

मधली काही वर्षं आबा, म्हणजे आमचे भाऊजी, सुरतेला कापड बाजारात नोकरीला होते. तू तिकडे गेलीस आणि मला वाटलं, सुटली. दिवाळीला आलीस ती हसतच आलीस. "अगं, तिथं मी धुलियावाली बेन झाले. वरच्या मजल्यावरची यूपीवाली भाभी धूलियावाली म्हणते, उ ओढून. आणि धुणं घेणारी बाई नुसती धुलिया. तीन भाषांत बदललं गं माझं गाव. पण एकीतही माझं नाही." तेव्हा मलाही हसू आलं होतं. आता येत नाही.

अक्का, तुझं मी किती घेतलंय, हे मी तुला तोंडानं कधी सांगितलं नाही. तू सुरतेहून परत आलीस त्याच वर्षी माझी बदली खेड्यावरच्या शाळेत झाली. सासूबाईंनी जाहीर केलं, सोडा नोकरी, घरात काम काय कमी आहे. आमचे हे खाली बघत बसले, नेहमीसारखे. तू चुलीपाशी होतीस. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता म्हणालीस, "तिचं काम मी करीन. ती जाईल." एवढंच. त्यानंतर इतकी वर्षं पहाटे माझा डबा तू भरलास. माझी मनीषा तुझ्या मांडीवर वाढली. ती पहिल्यांदा बोलली ते अहिराणी बोलली, कारण ती तुझ्याशी बोलत होती. मी शाळेत मुलांना डोया नाही, डोळा म्हणा, असं घसा फोडून शिकवायचे, आणि घरी माझी लेक तुझ्याकडून डोया शिकायची. मी चिडायचे. तू म्हणायचीस, दिसतं ना त्यातनंही?

आता तुझ्या त्या दिवसाचं सांगते. तुला माहीत असायला हवं, कारण तिथं असून तू नव्हतीस.

सकाळी तू अंगण झाडत होतीस आणि तिथंच बसलीस. डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं. आबा डोकं धरून खाटेवर बसले ते बसलेच. नितीन, तुझा लेक, लहान पोरासारखा रडत होता. मग नाना आले आणि त्यांनी ताबा घेतला. "धुयावाली गयी. धुयाले कयाडा." कोणीतरी फोन लावला, तुझ्या त्या चुलत मामाच्या घरी. मामा तर केव्हाच गेले, त्यांचा मुलगा आहे, त्यानं तुला दोनचारदा पाहिलं असेल. नितीननं रडत रडत विचारलं, मामांना कळवलं? नाना म्हणाले, कळवलं. पोराला वाटलं, रघुनाथमामांना कळवलं. तुझ्या सख्ख्या भावाला. नरडाण्याला.

आपल्याकडे सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची. भाऊ आणतो. ती अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. जन्मभर माहेरानं काही दिलं नसेल तरी चालतं, पण ती साडी चुकत नाही. हे नानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आम्ही बायका तुला आंघोळ घालत होतो तेव्हा धुळ्याहून गाडी आली. तो मामेभाऊ भला माणूस, त्याला बोल लावत नाही. रीतीप्रमाणे साडी घेऊन आला. जांभळी होती, दुकानाची पिशवी होती. ती आत आली तेव्हा मी म्हटलं, ही रघुनाथभाऊंची नाही. ते कुठे आहेत? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कळलं की नरडाण्याला कोणी कळवलंच नाही.

मी ओल्या हातांनी फोन लावला. बंद. परत लावला. तिसऱ्यांदा रघुनाथभाऊंनी उचलला. मी सांगितलं. ते म्हणाले, "मी निंघनू. थांबाडा तिले." थांबवून धरा तिला.

मी बाहेर गेले. पदर सावरला, पुरुषांच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, भाऊ निघालाय, तासाभरात येतो. थांबा. नाना म्हणाले, "माहेरनी साडी उनी ना?" मी म्हटलं, ते माहेर नाही. नाना म्हणाले, "जयगाववाली, धुयावालीनी साडी धुयाहून उनी. आखो काय पायजे? ऊन चढी राहिनं." कोणीतरी मागून बोललं, एका बाईला दोन साड्या कशाला. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आत जा म्हणून. आबांना मी हाक मारली. आबांनी मान वर केली नाही. नितीनला तर नानांनी मडकं धरायला नेऊन उभंच केलं होतं.

एक तास, अक्का. तू या घराला तीस-पस्तीस वर्षं दिलीस, यांना एक तास देता आला नाही.

माणसं नदीवर आंघोळ करून परत येत होती तेव्हा रघुनाथभाऊंची मोटारसायकल गल्लीत शिरली. अंगावर शेतातले कपडे होते. बगलेत साडीची पिशवी. ओट्यावर एवढी माणसं ओल्या डोक्यांनी बघून त्यांना कळलं. नाना पुढे झाले, "साडी उनी व्हती भाऊ, धुयाहून. काही कमी पडनं नही."

"धुयाहून?" रघुनाथभाऊ म्हणाले. "पन भाऊ तं मी शे."

त्यांनी पाणी घेतलं नाही. पिशवी मांडीवर ठेवून थोडा वेळ ओट्याच्या कडेला बसले, मग आले तसे गेले. आणि नंतर जो भेटायला येई तो मला म्हणे, किती पुण्यवान, सवाष्ण गेली, काही कमी पडलं नाही. मी हो हो म्हणायचे. दात दुखायला लागले माझे, आवळून आवळून.

उत्तरकार्य झालं. आखाजी आली आणि गेली. लेकी माहेरी गेल्या, झोके बांधले गेले, गल्लीत गाणी झाली, आणि मला एकच सुचत होतं. परवा कोणाला न विचारता मी अमळनेरला गेले आणि तिथून गाडीनं नरडाण्याला. मला वाटत होतं, तिथं तरी तू सापडशील. जिथं जन्मलीस, जिथं परकर नेसून हुंदडलीस, तिथं तरी तुला कोणी गावाच्या नावानं हाक मारणार नाही. तिथं तू मथुरा असशील. मी मनाशी तसं ठरवूनच गेले होते.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याला विचारलं, मथुराबाईंचं माहेर कुठं? तो म्हणाला, कोन मथुराबाई? मी म्हटलं, रघुनाथभाऊंची बहीण, पारोळ्याला दिलेली. त्याचा चेहरा एकदम उजळला. "आसं सांगा ना! पारोयावाली!"

मी तिथंच बाकावर बसले.

घरीही तेच. तुझी भावजय दारात आली आणि आत ओरडली, "पारोयावालीनी देरानी उनी." भाचरं म्हणाली, पारोळ्यावाली आत्या. रघुनाथभाऊ माझ्यापुढे बसले आणि ढसाढसा रडले, "पारोयावाली गयी, वहिनी." मला त्यांचं दुःख दिसत होतं, तरी माझा संताप आवरेना. मी म्हटलं, "अहो भाऊ, तिला नाव होतं!"

ते गोंधळले. "व्हतं ना. मथुरा. पन ती तं दिधी ना पारोयाले. मंग पारोयावालीच म्हनानं ना." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांच्या आईलाही तसंच म्हणत असतील, आजीलाही. जिला जिथून आणलं तिथलं नाव, जिला जिथं दिलं तिथलं नाव. पारोळ्यात तू धुळ्याची, सुरतेत धुलियाची, नरडाण्यात पारोळ्याची. कुठं तू तुझी होतीस, ते मला अजून सापडलेलं नाही. तू बरोबर होतीस, अक्का. भोकं पडतात.

मग त्यांनी कपाटातून ती पिशवी काढली. रामा रंगाची साडी, बारीक जरीचा काठ. ती त्यांनी धावतपळत आणलेली नव्हती. आखाजीला तू येणार म्हणून आधीच घेऊन ठेवलेली होती. तूच फोनवर रंग सांगितला होतास. त्या दिवशी हाताला तीच लागली म्हणून तीच घेऊन निघाले. मला म्हणाले, "हिनं काय करू? बायकोले दिसू तं ती नेसस नही. दुकानमा परत करानी हिंमत नही."

मी म्हटलं, माझ्याकडे द्या.

घरी परतल्यावर रात्रीच्या जेवणाला आमचे हे, आबा आणि नितीन बसले होते. मी साडी त्यांच्या समोर पाटावर ठेवली आणि सांगितलं. मी मरेन तेव्हा जळगावला कोणाला फोन करायचा नाही. नशिराबादला माझ्या भावाला करायचा, आणि तो येईपर्यंत मला हलवायचं नाही, ऊन चढो की सूर्य मावळो. त्याची साडी माझ्या अंगावर. ही साडी माझ्या हातांत द्यायची. ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, जेवताना काय हे अभद्र. आबा उठून गेले. नितीननं साडीच्या काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काकू, ही कोणासाठी?"

"तुझ्या आईसाठी," मी म्हटलं. "तिची राहिलीये."

तर अक्का, तुझी साडी माझ्या कपाटात आहे. घडी मोडलेली नाही. तोवर ती जांभळी नेस, इलाज नाही. मला किती वेळ लागेल सांगता येत नाही, तब्येत माझी ठणठणीत आहे आणि नानांच्या आधी जायचा माझा विचार नाही. पण येईन ती साडी घेऊनच येईन. तिथं गर्दी असेल, बायकाच बायका, कोणी कुठल्या गावची, कोणी कुठल्या. मी धुयावाली म्हणून विचारणार नाही, अक्का म्हणूनही नाही. मथुरा म्हणून हाक मारीन. ओ दे.